बोळ नकाशात बसत नाही

इटलीने २०२६ सालासाठी दोन राजधान्या निवडल्या. सांस्कृतिक राजधानी लाक्विला, समकालीन कलेची राजधानी जिबेलिना. एक डोंगरातलं जुनं शहर, दुसरं सिसिलीतलं आडगाव. दोघांचं नाव जगाच्या कानावर गेलं ते एकाच कारणाने. दोन्ही भूकंपात आडवी झाली.

साहित्य संमेलनाचं ठिकाण ठरवताना आपणही निकष लावतो. पण आपल्याकडे स्वागताध्यक्ष उभा असला की भागतं. गाव आडवं असण्याची अट नाही.

भूकंप येतो तो मिनिटभर. त्याच्यामागून जे येतात ते वर्षानुवर्षं हलत नाहीत. समित्या, सल्लागार, आराखडे, दाते, कोनशिला. घरं पाडायला मिनिट पुरतं. गाव मोडायला मात्र रीतसर नियोजन लागतं.

जिबेलिनाचंच घ्या. १९६८ च्या जानेवारीत, १४ आणि १५ तारखेच्या मधल्या रात्री, पश्चिम सिसिलीतलं बेलिचे खोरं हादरलं. जिबेलिना, पोज्जोरेआले, सालापारुता, मोंतेवागो ही गावं भुईसपाट. जुन्या जिबेलिनावर फुली मारून नवं जिबेलिना कित्येक किलोमीटर दूर, सपाट जागी वसवायचं ठरलं. आराखडा वरून पाहिला तर फुलपाखरासारखा दिसतो.

वरून पाहतं कोण? घारी आणि मंजुरी देणारे.

जुनं गाव उतारावरचं, घराला घर चिकटलेलं. उंबऱ्यात बसून समोरच्या उंबऱ्याशी भांडता यायचं. नव्या गावातले रस्ते असे ऐसपैस की समोर साखर मागायला जायचं तर चप्पल घालावी लागते. दोन-चारदा चप्पल घातली की माणूस साखर विकत आणायला लागतो.

महापौर लुदोविको कोर्राओ मात्र मोठ्या स्वप्नांचा माणूस. त्यांनी इटलीभरच्या कलावंतांना साद घातली, कलावंतही धावून आले. वेशीवर पिएत्रो कोन्साग्रांचा अवाढव्य पोलादी तारा उभा राहिला. चौकाचौकांत शिल्पं आली. लुदोविको क्वारोनींनी भला मोठा पांढरा गोल घेऊन चर्च रचलं. १९९४ मध्ये त्या चर्चचं छप्पर कोसळलं.

त्या दिवशी भूकंप नव्हता.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खोऱ्यातली माणसं कुठे होती? बराकीत. कित्येकांची दहा-पंधरा वर्षं तिथेच गेली. बराकीत जन्मलेली पोरं बराकीतून शाळेत गेली. ‘तात्पुरता निवारा’ हे शब्द सगळ्या भाषांत सारखेच खोटं बोलतात.

एकटा अल्बेर्तो बुर्री हट्टी निघाला. नव्या गावात काही करायला या चित्रकाराने नकार दिला आणि थेट जुन्या गावाच्या ढिगाऱ्यापाशी गेला. ढिगारा दाबून त्यावर पांढरं सिमेंट ओतलं. आठेक हेक्टरांची पांढरी चादर, माणसाच्या खांद्याएवढी उंच, आणि तिच्यातून वळणं घेत जाणाऱ्या भेगा. १९८४ ला काम सुरू झालं, १९८९ ला थांबलं, २०१५ ला पुरं झालं. थोर कलाकृती आहे, वाद नाही. जग बघायला येतं.

त्या भेगा साधारण जुन्या गल्ल्यांच्याच वाटेने जातात. म्हणजे राहत्या गावात बोळ नाहीत आणि स्मारकात शाबूत आहेत.

फोटो चांगले येतात.

पण आपण हसू नये. आपल्याकडे फुलपाखरू नव्हतं, आपल्याकडे चौकटीची वही होती.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारीसकट गावंच्या गावं भूकंपात गेली, आठ-दहा हजार माणसं गेली. हा सगळा भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात निर्धास्त पट्ट्यात होता. झोन एक. पुढे २००२ मध्ये तो झोनच रद्द केला.

किल्लारीला जे एका पहाटेत कळलं ते नकाशाला कळायला नऊ वर्षं लागली.

पहिला आरोपी ठरला दगड. घराची भिंत दोन-तीन फूट जाडीची. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मधल्या पोकळीत गोटे आणि माती. वर लाकडी खण, खणावर माळवद. दर पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून वर आणखी चार पाट्या माती. आजोबांच्या पाट्या, बापाच्या पाट्या, नातवाच्या पाट्या. वजन सगळ्यांनी चढवलं, उतरवलं कोणीच नाही. वडिलोपार्जित कर्जासारखं.

जमीन हलली तशी भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि कर्ज एकदम अंगावर आलं.

त्या दोन थरांना बांधून ठेवणारा लांब दगड मध्ये मध्ये आरपार घातला असता तर? भिंतीच्या वरून लाकडाचा किंवा सिमेंटचा एक पट्टा फिरवला असता तर? महाग काहीच नाही, गवंड्याच्या आवाक्यातलंच. आणखी एक गंमत. कित्येक घरांत भिंती ढासळल्या आणि आतले लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या. साक्षीदार जागेवर उभा होता. जबानी कोणी घेतली नाही.

घेणार तरी कोण? ज्याच्या लेकरावर भिंत पडली त्याला दगडाची महती सांगायला जाऊ नये. लोकांनाच दगड नको झाला होता. महिनोन्महिने माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उकडलं तर उकडू दे, पडला तर पत्राच पडेल. हा हिशोब कुठल्याही अभियंत्याच्या हिशोबापेक्षा पक्का होता, आणि तो समजून घ्यायला पदवी लागत नव्हती.

तर सिमेंट आलं, जागतिक बँक आली. ५२ गावं उचलून नव्या जागी न्यायची ठरली. मोजपट्टीने आखलेले रस्ते, काटकोनातली वळणं, एकामागे एक घरं. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सातबारा दाखवा, घर घ्या.

गावात उतरंड होतीच. ती चौरस फुटांत मोजून काँक्रीटमध्ये ओतायचं तेवढं राहिलं होतं.

शिवाय प्रत्येक गावाला कोणी ना कोणी दत्तक घेतलेलं. कुठे संस्था, कुठे कंपनी. दत्तक हा शब्द आपण फार सहज वापरतो. दत्तक गेलेल्या पोराचं नाव बदलतं, गोत्र बदलतं. गावाचं काय बदललं? गावाचा आकार बदलला. जुन्या गावाच्या कित्येक पट जागेवर नवं गाव पसरलं. देणाऱ्याचा हात मोकळा, त्यामुळे गावही मोकळं मोकळं.

जुन्या गावात म्हातारी ढेलजेत बसली की गल्लीचा अख्खा कारभार तिच्या पुढ्यातून जायचा. कोण कोणाकडे गेलं, कोणाचं दूध आलं नाही, कोणाची सून रुसली. नव्या गावात म्हातारी दारात बसते तेव्हा समोरून रुंद रस्ता जातो.

आणि रस्त्यावर ऊन पडतं.

२५० चौरस फुटांत गोठा कुठे? कणगी कुठे? कडबा कुठे रचायचा? आराखडा करणाऱ्याला ‘घर’ म्हटलं की हॉल, किचन आणि संडास दिसत होता. शेतकऱ्याला घर म्हटलं की आधी बैल दिसतो. मग लोकांनी आपल्या हाताने पत्रे ठोकले. पुढे पडवी काढली, मागे न्हाणी, बाजूला गोठा. कागदावर याला काय म्हणायचं ते म्हणा. गावात त्याला घर झालं म्हणतात.

पुनर्वसनाच्या याच कार्यक्रमाचा दुसरा भागही होता, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. तेरा जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांना जागच्या जागी दुरुस्ती-मजबुतीसाठी मदत. हेतू असा की जुनं घर बांधून-आवळून घ्या. लोकांनी काय केलं? बहुतेकांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक खोली उठवली. सरकारने घर मजबूत करायला पैसे दिले, लोकांनी झोप मजबूत करून घेतली.

चूक कोणाची? ज्याने मजबुतीची पुस्तिका छापली त्याची की ज्याने ती वाचली नाही त्याची? पुस्तिका बहुधा जुन्या घरातच राहिली असेल.

आणि जुन्या घरांची लाकडं? खांब, तुळया, कोरीव चौकटी? बरीचशी विकली गेली. पुनर्वसन झालं त्यांचंही. त्यावर शेवटी येतो.

गाव हलवावं की जागच्या जागी बांधावं, हे भांडण काही आजचं नाही. ११ जानेवारी १६९३ ला आग्नेय सिसिलीत धरणी अशी हलली की पन्नास-साठ हजार माणसं गेली. नोतो शहर उचलून काही मैलांवर नेलं. लोकांचा विरोध होता, पण हुकूम झाला. ग्रामिकेले नावाचं गाव तिथल्या राजेसाहेबांनी षटकोनी आखलं. वरून बघायची हौस तेव्हाही होतीच.

रागुझाने मात्र मराठी माणसाला शोभेल असा मार्ग काढला. अर्धे म्हणाले वरच्या पठारावर जाऊ, अर्धे म्हणाले मेलो तरी इथून हलणार नाही. मग दोन गावं बांधली. खाली जुन्या जागेवर एक, वर नवं एक. मध्ये दरी. दोघांची पालिका एक व्हायला १९२६ साल उजाडलं.

आज नोतो आणि रागुझा दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. भांडून बांधलं तरी चांगलं बांधता येतं. न विचारता बांधलेलं गाव युनेस्कोत नोंदवायला अजून तीनशे वर्षं थांबावं लागेल, एवढंच.

आता जरा थांबू. बोळांचं कौतुक करताना जीभ सांभाळायला हवी. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. कच्छमधल्या अंजारमध्ये शाळेच्या मुलांची प्रजासत्ताकदिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. दीडशेहून जास्त मुलं गेली.

यावर तिरकस काही लिहिता येत नाही.

भुजला मग तटाच्या आतल्या जुन्या शहरात रस्ते रुंद केले. प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी थोडी जागा कापून, मोठ्याची जास्त, लहानाची कमी. पुष्कळ लोक आपल्या जुन्या वस्तीत परत बसले. सगळे खूश झाले का? भूखंडातून फूटभर गेला तर भाऊ भावाशी बोलत नाही, तिथे सरकारशी कोण बोलणार? तरीही शहर होतं तिथेच राहिलं. आपल्याकडच्या मानाने हे पुष्कळ.

मग बोळ वाचवायचा की माणूस? सभेत हा प्रश्न टाकला की समोरचा गप्प होतो. म्हणून तो टाकला जातो.

उत्तर हवं असेल तर दोन गावं शेजारी ठेवून बघा. इटलीच्या मध्यावर, डोंगरात. एक नोर्चा, एक आमात्रिचे. दोन्ही जुनी, दोन्ही दगडी, दोन्हीकडे बोळच बोळ. नोर्चात १८५९ ला भूकंप झाला तेव्हा पोपच्या राजवटीने नियम केला की दोन मजल्यांहून उंच घर बांधायचं नाही. पुढे १९७९ ला हादरा, १९९७ ला हादरा. दरवेळी लोकांनी भिंती आवळल्या, पोलादी सळ्या आरपार घालून घरं बांधून घेतली. कंटाळवाणं काम. फीत कापायला कोणी येत नाही अशा कामांपैकी.

आमात्रिचे दिसायला देखणं. इटलीतल्या सर्वांत सुंदर खेड्यांच्या यादीत त्याचं नाव. पास्त्यावरचा प्रसिद्ध सॉस याच गावाच्या नावाने ओळखला जातो. जुन्या कच्च्या भिंतींवर अनेक घरांनी काँक्रीटचे जड स्लॅब चढवलेले. माळवदाचा इटालियन मावसभाऊच. गावातल्या शाळेची २०१२ मध्ये सरकारी पैशाने दुरुस्ती झालेली.

२४ ऑगस्ट २०१६, पहाटे ३ वाजून ३६ मिनिटं. आमात्रिचेत दोनशेहून जास्त माणसं मेली. दुरुस्त केलेली शाळा पडली. नोर्चात कोणी मेलं नाही. ऑक्टोबरच्या ३० तारखेला त्याहून मोठा हादरा आला, तोही नोर्चाच्या उंबऱ्याशी. संत बेनेडिक्ट यांच्या नावाचं मोठं चर्च कोसळलं, उभी राहिली फक्त पुढची भिंत. माणसं? याही वेळी सगळी वाचली.

देऊळ गेलं आणि भक्त राहिले. संतांना विचारलं असतं तर त्यांनीही याच बाजूने मत दिलं असतं.

म्हणजे बोळ निर्दोष. भिंत कोणी ठोकून बघितली आणि कोणी नुसती रंगवली, एवढाच प्रश्न. यादी करणाऱ्यांनी सौंदर्याला गुण दिले. भिंतीला गुण द्यायचा रकाना छापलाच नव्हता.

आता राजधानीचं गाव. लाक्विला, ६ एप्रिल २००९. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटं, ३०९ मृत्यू. (भूकंपाला पहाटेचंच का सुचतं? आमात्रिचेही पहाटे, किल्लारीही पहाटे. असो.) तेव्हाचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी तंबूंत राहणाऱ्यांना ‘समजा सहलीला आलात, तंबूत मुक्काम आहे’ अशा अर्थाचा दिलासा दिला. मग जी-८ ची शिखर परिषद उचलून लाक्विलाला आणली. ओबामा आले, फोटो झाले, पाहुणे गेले.

तंबू राहिले.

शहराभोवती १९ नव्या वसाहती उभ्या केल्या. खाली भूकंपरोधक यंत्रणा, वर तिमजली इमारती. कामाचा वेग खरोखर दांडगा. पण माणसं १९ ठिकाणी वाटली गेली आणि मधलं जुनं शहर लष्कराच्या पहाऱ्यात कुलूपबंद. शहर आहे, पण आत जायचं नाही. म्हणून २०१० च्या फेब्रुवारीत लोकांनी आपापल्या घराच्या किल्ल्या आणून अडथळ्यांच्या जाळीवर टांगल्या. मग हातगाड्या, घमेली घेऊन बंद हद्दीत घुसले आणि ढिगारा स्वतःच उपसायला लागले. दहा महिने तो तसाच पडून होता.

सरकार ढिगारा उचलत नाही आणि लोकांनी उचलला तर बेकायदा. हे वाचून कोणाला आपल्या वॉर्डाची आठवण झाली असेल तर तो योगायोग समजावा.

आणि त्या भूकंपरोधक वसाहती? २०१४ मध्ये तिथल्या एका इमारतीचा सज्जा निखळून पडला. जमीन तेव्हा शांत होती. सज्ज्याला भूकंपाची वाट बघवली नसावी.

या सगळ्यात शहाणं कोणीच नव्हतं का? होतं. फ्रिऊलीतलं वेंझोने.

ईशान्य इटलीतलं हे तटबंदीचं छोटं मध्ययुगीन गाव. ६ मे १९७६ च्या भूकंपाने खिळखिळं केलं, लोकांनी टेकू लावले, आणि सप्टेंबरच्या हादऱ्यांनी उरलंसुरलं टेकूंसकट खाली आणलं. चौदाव्या शतकातलं चर्च म्हणजे दगडांची रास. शहाण्या माणसाने काय करावं? जेसीबी बोलवावा. वेंझोनेकरांनी समिती काढली, सह्या गोळा केल्या आणि ढिगारा हलवायला विरोध केला.

विकासविरोधी. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी चर्चचे हजारो दगड वेगळे काढले, गावाबाहेर मैदानात ओळीने मांडले, एकेकाला क्रमांक दिला. जुने फोटो समोर ठेवून कुठला दगड कुठल्या भिंतीतला, कुठल्या कमानीतला, हे शोधत बसले. वर्षानुवर्षं. शेजारच्या गावच्यांनी डोक्याला हात लावला असेल. १९९५ मध्ये चर्च उघडलं. तेच चर्च, तेच दगड, त्याच जागा. १९७६ ते १९९५ म्हणजे एकोणीस वर्षं. आपल्याकडे एकोणीस वर्षांत उड्डाणपूल बांधून, पाडून, पुन्हा भूमिपूजन होतं.

२०१७ मध्ये इटलीतल्या टीव्ही प्रेक्षकांनी वेंझोनेला ‘गावांतलं गाव’ म्हणून निवडलं.

इटलीत यासाठी घोषणाच आहे: जिथं होतं तिथं, जसं होतं तसं. १९०२ मध्ये व्हेनिसचा घंटा-मनोरा धाडकन बसला तेव्हापासूनची. हट्टी लोकांची घोषणा. फ्रिऊलीत तिच्या जोडीला आणखी एक होती: आधी कारखाने, मग घरं, मग चर्च. तिच्या पाठीशी खुद्द तिथले आर्चबिशप उभे होते.

‘देवळाचं नंतर बघू, आधी एमआयडीसी सुरू करा’ असं आपल्याकडे म्हणणारा धर्मगुरू शोधून द्या. बक्षीस देईन.

हे युरोपचं झालं, त्यांच्याकडे पैसा आहे, असं कोणी म्हणेल. मग नेपाळात चला. भक्तपूर. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप, ७.८ तीव्रतेचा. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. भक्तपूरच्या गल्ल्याच्या गल्ल्या बसल्या. १७०२ सालचं पाच मजली न्यातापोल मंदिर मात्र थोडं कुरकुरून उभं राहिलं.

तिथल्या नगरपालिकेने एक अचाट गोष्ट केली. जर्मनीची मदत नाकारली. जर्मनी जुना मित्र, सत्तरच्या दशकापासून भक्तपूरची देवळं-घरं दुरुस्त करण्यात त्यांचा हात. पण यावेळी मदतीबरोबर अटी आल्या, निविदा काढा, सल्लागार नेमा. पालिका म्हणाली, देवळाचं काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला द्यायचं असेल तर पैसा तुमच्याकडेच ठेवा. आमच्या टोलची उपभोक्ता समिती बांधेल, आमचे सुतार, आमचे डकर्मी. (टोल म्हणजे वस्ती, डकर्मी म्हणजे गवंडी.)

नगरपालिकेने पैसा नाकारला. पुन्हा वाचलंत तरी हेच लिहिलंय.

नेपाळच्या राजधानीत, काठमांडूत, याच सुमारास राणीपोखरीच्या ऐतिहासिक तळ्याच्या कामात काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती. लोक रस्त्यावर आले, ओतलेलं काढावं लागलं. राजा प्रतापमल्लाने १६७० मध्ये सिमेंटशिवाय कसं काय जमवलं, हे बहुधा निविदेत लिहिलेलं नव्हतं.

भक्तपूरलाही सगळं गोड नाही. इथल्या नेवार लोकांची घरं भावाभावांत वाटली जातात ती उभी. तळमजल्यापासून कौलांपर्यंत एक फाक थोरल्याची, एक धाकट्याची. प्रत्येकाच्या वाट्याला खोलीभर रुंदीचं चार मजली घर. आता अशा घराच्या अनुदानाचं काय करायचं? सरकार म्हणतं लालपुर्जा दाखवा, म्हणजे जमिनीचा कागद. कागद आजोबांच्या नावावर. थोरल्याला वीट-लाकूड हवं, धाकट्याला पिलर, मधल्याचा पत्ता कतारमध्ये. आणि भिंत तिघांची एकच.

भूकंपाने जे एकत्र पाडलं ते एकत्र उभं करायला तलाठ्याचीच मदत लागते. देश कुठलाही असो.

शेवटी पुष्कळ घरं अशी झाली की पुढून मल्लांचा काळ आणि मागून आरसीसी. दर्शनी विटा, कोरीव खिडकी, आणि आत पिलर. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर ठीक आहे. गल्ली तीच राहिली, शेजार तोच राहिला, जत्रेचा रथ त्याच वळणावर अडकतो. घराच्या पोटात काय आहे ते घराने बघावं.

आता आपल्याकडे, भूकंप नसलेल्या गावात.

पुण्यातल्या पेठांना वेंझोनेसारखी सप्टेंबरची वाट बघावी लागली नाही. एकेक वाडा भाडेकरू, मालक आणि बिल्डर यांनी समजुतीने पाडला. कोणी सह्या गोळा केल्या नाहीत असं नाही, केल्या. सत्तर टक्के संमतीसाठी. दगडांना क्रमांकही पडले. पार्किंगचे.

कसबा गणपतीच्या आसपास फिरा. इमारतीचं नाव ‘अमुक वाडा’, आत लिफ्ट. चौक गेला, चौकातली विहीर बुजली, नाव तेवढं उरलं. भूकंपग्रस्तांना निदान नवं गाव मिळालं होतं, आम्हाला फक्त नवीन एफएसआय मिळाला.

परवा एका नव्या रेस्टॉरंटात गेलो. मराठमोळं, पितळी ताटं, भिंतीला शेणाच्या रंगाचा महाग रंग. आमचं टेबल म्हणजे एक जुना दरवाजा, वर काच. सागवान, चौकटीवर वेलबुट्टी, मधोमध गणपती, कडीची जागा अजून दिसत होती. मी वेटरला विचारलं, कुठल्या वाड्याचा?

“अँटिक आहे सर,” तो म्हणाला. “मराठवाड्याकडचा माल. ग्लास कोस्टरवर ठेवा, डाग पडतो.”